स्वतः उभं राहून

भातकापणी उरकली की भिवंडी तालुक्याच्या वाड्याकडच्या अंगाला दोन हंगाम एकदम सुरू होतात, एक वीटभट्ट्यांचा आणि दुसरा घरदुरुस्तीचा. अंबाडीजवळच्या दिघाशीसारख्या गावात घरदुरुस्तीचा हंगाम थेट वैशाखाशी बांधलेला असतो. लग्न ठरलेलं असतं, मुलासाठी वर खोली चढवलेली असते आणि त्या खोलीला आता 'अटॅच' बाथरूम हवं असतं. होणारी सून ठाण्या-कल्याणच्या फ्लॅटमधून येणार असेल, तर हा विषय पत्रिका छापण्याच्याही आधी निघतो. घरातलं कोणीतरी सुचवतं, "एखादा ठेकेदार बघू या." त्यावर घरातले कर्ते गृहस्थ हाताने माशी उडवल्यासारखं करतात आणि म्हणतात, "ठेकेदार कशाला? मी स्वतः उभं राहून करून घेतो." हे वाक्य महाराष्ट्रात जितक्या घरांमध्ये उच्चारलं जातं, तितक्या घरांमध्ये पुढच्या पावसाळ्यात छताकडे बघत जेवण्याची सवय लागते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे, ते या गृहस्थांना नीट न्याहाळल्याशिवाय कळत नाही. सोयीसाठी त्यांना आपण उभेराव म्हणू.

उभेराव पेशाने काहीही असू शकतात. शाळेत शिक्षक, गोदामात सुपरवायझर, एसटीतून निवृत्त झालेले वाहक, नाहीतर तलाठी कार्यालयात लिपिक. मात्र तोडफोडीच्या पहिल्या दिवशी ते सगळे एकसारखे दिसू लागतात. पॅन्टचे पाय दुमडलेले, खिशात मेजरिंग टेप, हातात मोबाइलची बॅटरी आणि कानावर पेन्सिल. पेन्सिल कशासाठी, ते त्यांनाही ठाऊक नसतं. सुताराच्या कानावर असते म्हणून असते. समोर प्लास्टिकची खुर्ची ठेवली तरी ते बसत नाहीत, कारण बसल्याबसल्या काम करून घेतलं असं पुढे कोणाला सांगता येत नाही. रात्री मोबाइलवर व्हिडिओ पाहून त्यांनी शब्द गोळा केलेले असतात. डायव्हर्टर, कन्सील्ड, अँगल कॉक, एपॉक्सी ग्राउट हे शब्द ते अशा सहजतेने वापरतात की पाहुण्यांना वाटतं, हे आधी प्लंबिंगच करत होते. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हे त्यांना तारखेसकट पाठ असतं आणि दुकानदाराला ते ऐकवल्याशिवाय ते गोणीला हात लावू देत नाहीत. घमेली मोजायची, रिकाम्या गोण्या मोजायच्या, मिस्त्रीने चहाला किती वेळ घेतला ते मोजायचं, असं त्यांचं मोजमापाचं खातं अखंड चालू असतं. मुरलेला मिस्त्री अशा मालकाला पहिल्या दिवशीच ओळखतो. तो त्यांच्याशी वाद घालत नाही. "सेठ, वो तो हो जायेगा, लेकिन व्हाइट सिमेंट कम पडेगा," असं म्हणून त्यांना अंबाडी नाक्यावर पाठवतो आणि ते परत येईपर्यंत दिवसभराचं खरं काम उरकून घेतो.

उभेरावांच्या निश्चयामागे एक विचार आहे आणि तो वेडेपणाचा नाही. भिवंडी हे मध्यस्थांवर चालणारं गाव आहे. यंत्रमागावर जॉबवर्क चालतं: सूत व्यापाऱ्याचं, माग दुसऱ्याचा, विणणारा तिसरा. नाशिक महामार्गालगतच्या अवाढव्य गोदामांत माल कंपनीचा, गोदाम जमीनमालकाचं आणि माणसं लेबर काँट्रॅक्टरची. ज्याने उभा जन्म हे पाहिलं, त्याला मधला माणूस किती खातो याचा अंदाज असतो. आपल्या घरच्या कामात तरी तो नको, असं वाटण्यात काही गैर नाही. उभेरावांचं गणित चुकतं ते पुढच्या पायरीवर. मधला माणूस काढला की त्याचे पैसे वाचतील, एवढंच त्यांनी धरलेलं असतं. तो माणूस जे काम करत होता, ते काम मागे उरेल हे धरलेलं नसतं. ठेकेदार विटा विकत नाही आणि मजुरीही विकत नाही, त्या दोन्ही गोष्टी नाक्यावर सुट्ट्या मिळतात. तो एक जबाबदारी विकतो: प्लंबरचं काम जिथे संपतं आणि फरशीवाल्याचं जिथे सुरू होतं, त्या मधल्या जागेची. त्याला हटवल्यावर ती जागा बेवारस होते. बाथरूममधलं पाणी हुशार असतं; त्याला बेवारस जागा बरोबर सापडते.

मधला माणूस काढून टाकण्याचा प्रयोग आपल्याकडे यापेक्षा कितीतरी मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये जॉबर नावाची जात होती. कामगार भरती करायचे, त्यांच्यावर देखरेख करायची, माग बिघडला तर बघायचा, आणि या सगळ्यासाठी कामगारांकडून दस्तुरी खायची. १९३१ साली रॉयल कमिशन ऑन लेबरने आपल्या अहवालात जॉबरवर चांगलेच कोरडे ओढले आणि भरतीचा अधिकार त्याच्याकडून काढून लेबर ऑफिसरकडे द्यावा असं सुचवलं. १९३५ मध्ये मुंबईत बदली कामगारांच्या नियंत्रणाची योजना आली, तीही जॉबरची पकड ढिली करण्यासाठीच. जॉबरची लाचखोरी खरी होती, त्याला वेसण घालणं योग्यच होतं. पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की कमिशनने जॉबर काढा आणि जागा मोकळी ठेवा, असं म्हटलं नाही. त्याच्या जागी कोण बसेल, त्याला पगार कोण देईल, तो कोणाला जबाबदार असेल, हे त्यांनी सांगितलं. दस्तुरी बंद करता येते, पण कोणीतरी साळ्याची आणि मागाची गाठ घालून द्यावीच लागते. उभेराव जॉबरला काढतात आणि त्याच्या जागी स्वतः उभे राहतात. पण जॉबरला माग दुरुस्त करता येत होता, हा तपशील ते विसरतात.

यावर उभेरावांचा पहिला आक्षेप आजोबांच्या नावाने येतो. "आमच्या आजोबांनी अख्खं घर स्वतः उभं राहून बांधलं, तेव्हा कुठे होता तुमचा ठेकेदार?" आक्षेप बिनतोड वाटतो, आणि आजोबांपुरता तो आहेही. पण आजोबांनी जी बांधली ती न्हाणी होती. मागच्या पडवीला एक मोठी दगडी लादी, तीन बाजूंना आडोसा, शेजारी पाणी तापवायची चूल नाहीतर बंब, आणि पाणी वाहून जायला एक पन्हळ. ते पाणी पन्हळीतून निघून अळूला आणि केळीला जाई. या सगळ्या कामात एकच कारागीर होता, गवंडी. लादीला उतार त्यानेच द्यायचा, पन्हळ त्यानेच काढायची आणि पाणी साचलं तर शिव्याही त्यानेच खायच्या. शिवाय गळती हा दोषच नव्हता, खाली जमीन होती आणि कडेला केळ. आजोबा उभे राहिले नसते तरी चाललं असतं. नातवाचं बाथरूम पहिल्या मजल्यावर आहे, त्याच्या खाली हॉल आहे आणि हॉलला पीओपीचं छत आहे. शौचालय, शॉवर, गिझर आणि बेसिन एकाच चाळीस चौरस फुटांत आलं आहे. तिथे तोडणारा वेगळा, प्लंबर वेगळा, वायरमन वेगळा, वॉटरप्रूफिंगवाला वेगळा, फरशीवाला वेगळा आणि पीव्हीसीचा दरवाजा बसवणारा वेगळा. आजोबांनी एका माणसावर नजर ठेवली. नातू सहा माणसांवर ठेवायला निघाला आहे, आणि ते सहाजण एकाच दिवशी कधीच येत नाहीत.

आता प्रत्यक्ष कामाकडे पाहू, कारण सगळा पुरावा तिथेच आहे. बाथरूम नेमकं कुठे बिघडतं? टाइल स्वतः गळत नाही आणि पाइपही मधोमध क्वचितच गळतो. पाणी झिरपतं ते नहाणी ट्रॅपच्या गळ्यापाशी, जिथे प्लंबरचा प्लास्टिकचा भाग मिस्त्रीच्या कोब्यात बसतो. ते झिरपतं भिंत आणि जमीन जिथे मिळतात त्या कोपऱ्यात, जिथे वॉटरप्रूफिंगवाल्याने गोलाई देऊन वाटा मारायचा असतो आणि फरशीवाल्याला तोच वाटा टाइल काटकोनात बसत नाही म्हणून छिन्नीने उडवावासा वाटतो. ते झिरपतं कमोडचा पाइप स्लॅबमधून खाली जातो तिथे. उताराचंही तसंच आहे. आठ फूट लांबीच्या बाथरूममध्ये दारापासून जाळीपर्यंत सव्वा ते दीड इंच उतार लागतो. पण जाळी कोणत्या उंचीवर बसणार हे प्लंबर ठरवतो, फरशी कोणत्या उंचीवर येणार हे मिस्त्री ठरवतो, आणि उंबऱ्याची उंची खोलीतल्या फरशीने आधीच ठरवून ठेवलेली असते. तिघांनी आपापलं काम चोख केलं तरी पाणी कमोडच्या मागे साचू शकतं. मग उभेराव तिघांना बोलावतात. प्लंबर म्हणतो, "मालक, मी ट्रॅप बरोबर बसवला होता, फरशीवाल्याने माल जास्त भरला." फरशीवाला म्हणतो, "प्लंबरनेच उंच बसवला, मी काय करू?" वॉटरप्रूफिंगवाला फोनवरच सांगतो की तो कोट मारून गेला तेव्हा सगळं ठणठणीत होतं, नंतर कोणीतरी गिझरच्या लाइनसाठी खाच मारली. गंमत अशी की तिघंही खरं बोलत असतात. खोटं बोलणारा एखादा असता तर उभेरावांनी त्याला पकडलं असतं.

मग इतके दिवस उभं राहून उभेराव पाहत काय होते? ते टाइल पाहत होते. देशातल्या टाइलचा फार मोठा वाटा गुजरातेतल्या मोरबीत तयार होतो, आणि त्यातल्या निदान पन्नास नमुन्यांचे फोटो उभेरावांच्या मोबाइलमध्ये आहेत. अंबाडी, भिवंडी, कल्याण अशी दुकानं पालथी घालून त्यांनी निवड केली आहे, आणि संख्याही स्वतः काढली आहे. आठ बाय पाचचं बाथरूम, म्हणजे घेर २६ फूट. सात फुटांपर्यंत टाइल, म्हणजे १८२ चौरस फूट. त्यातून दाराचे साडेसतरा गेले की राहिले साधारण १६५. बारा बाय अठराची एक टाइल दीड चौरस फुटांची, म्हणजे ११० टाइल. इथपर्यंत गणित निर्दोष आहे, आणि उभेराव ११०च आणतात. कटिंगमध्ये जाणाऱ्या, कोपऱ्यात फुटणाऱ्या आणि वाडा रस्त्यावर टेम्पोतच राम म्हणणाऱ्या टाइलसाठी दहा टक्के जादा घ्यायच्या असतात, हे दुकानदार सांगतो तेव्हा त्यांना त्यात दुकानदाराचा डाव दिसतो. शेवटच्या रांगेला आठ टाइल कमी पडल्या की ते पुन्हा दुकानात जातात. नमुना तोच मिळतो, पण भट्टीचा लॉट बदललेला असतो आणि शेड किंचित फिक्की निघते. त्या आठ टाइल दाराच्या मागे लावल्या जातात, आणि पुढे पाहुण्यांना बाथरूम दाखवताना दार नेहमी सताड उघडं असतं. जे डोळ्यांना दिसणार, त्याच्यासाठी उभेराव जीव टाकतात. टाइलची रेघ ओळंब्यात आहे का, साबणाचा कोनाडा मधोमध आहे का, नळ आणि शॉवर एकाच कंपनीचे आहेत का, यात कसूर नाही. जे झाकलं जाणार, ते ज्या दिवशी झाकलं जातं, त्या दिवशी ते नळ आणायला गेलेले असतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ठेकेदार तरी कुठे धुतल्या तांदळासारखा असतो? तो नसतो, आणि त्याची वकिली करायचं कारण नाही. निम्मी उचल घेऊन दुसऱ्या साइटवर जाऊन बसणारे ठेकेदार सगळ्यांना माहीत आहेत. गरम पाण्याच्या लाइनला पिवळट सीपीव्हीसी पाइप सांगून भिंतीत साधा पांढरा यूपीव्हीसी गाडणारे आहेत, आणि तो गिझरच्या पाण्याने सैल पडतो हे पाहुणे जेवायला बसल्यावर कळतं. "ते एक्स्ट्रा होईल" हे वाक्य तर ठेकेदाराच्या तोंडी इतकं बसलेलं असतं की शेवटच्या बिलात मूळ काम कोणतं आणि एक्स्ट्रा कोणतं हे ओळखू येत नाही. बिल मागितलं तर "मग अठरा टक्के लागतील" हे उत्तर तयार असतं. सेवेची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्याला जीएसटी नोंदणीच सक्तीची नाही, हे तो सांगत नाही आणि आपण विचारत नाही. सगळं मान्य. पण ही लबाडी होते कुठे? भिंतीच्या आत आणि फरशीच्या खाली. म्हणजे ठेकेदार जिथे चोरी करतो आणि उभेराव जिथे पाहत नाहीत, ती जागा एकच आहे. ठेकेदार लबाड असतो या मुद्द्यावरून निष्कर्ष एवढाच निघतो की झाकण्याआधी पाहावं. त्याला काढून टाकल्याने झाकलेलं आपोआप उघडं होत नाही.

उलट, ठेकेदार लबाड निघाला तर त्याच्याशी भांडायला निदान एक दार असतं. त्याला काम उक्तं दिलं, दोन ओळींचा का होईना कागद केला, पैसे खात्यातून दिले, तर ती कायद्याच्या भाषेत सेवा झाली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये घरबांधणी सेवेत मोडते. जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही लागत नाही. पण याच कायद्याने वैयक्तिक चाकरीचा करार सेवेतून वगळलेला आहे. या दोहोंतला फरक सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली डॉक्टरांच्या प्रकरणात, इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात समजावून सांगितला. थोडक्यात असं की काम कसं करायचं हेही जर मालकच पदोपदी सांगत असेल आणि करणारा फक्त हुकूम पाळत असेल, तर ते नातं धनी आणि चाकराचं होतं. हा फरक उभेरावांना लावून पाहावा. रोजंदारीवर माणूस ठेवला, सामान स्वतः आणलं, थापी कशी धरायची हेही स्वतःच सांगितलं, आणि मग फरशी उखडली म्हणून ते आयोगात गेले, तर त्यांच्या तक्रारीला पहिला अडथळा त्यांचं स्वतःचंच उभं राहणं असू शकतं. ज्या गोष्टीचा त्यांना अभिमान आहे, तीच समोरचा वकील त्यांच्या तोंडून वदवून घेईल.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि उभेराव तो हातात वही घेऊन मांडतात. म्हणून वहीच उघडू. दीड लाखाचं काम धरू आणि ठेकेदाराला त्यात पंधरा टक्के सुटतात असं मानू. म्हणजे वाचले साडेबावीस हजार. आता उभेरावांचा पगार महिना तीस हजार, म्हणजे दिवसाला हजार, असा धरू. सहा कारागिरांची एकमेकांशी गाठ न पडल्यामुळे काम वीस दिवस चाललं आणि त्यांनी तितक्या रजा टाकल्या, तर वीस हजार तिथेच गेले. उरलेल्या अडीच हजारांत दुसऱ्यांदा टाइल आणायचा टेम्पो, राडारोडा उचलायची दुसरी खेप, आणि मिस्त्रीला खूश ठेवायला आणलेला वडापाव. रजा वहीत लिहिल्या जात नाहीत, कारण त्या 'आपल्याच' असतात. निवृत्त उभेरावांचा हिशेब यापेक्षा बरा निघेल हे कबूल केलं पाहिजे. त्यांच्याकडे वेळ फुकट आहे. पण त्यांच्याकडेही एक गोष्ट नसते, पुढचं काम. ठेकेदाराने बोलावलेला प्लंबर येतो, कारण ठेकेदाराच्या हाती त्याची पुढची चार कामं असतात. उभेरावांकडे आयुष्यात एकच बाथरूम आहे. त्यांनी फोन केला की प्लंबर "निघालोच" म्हणतो आणि अनगावच्या साइटवर जेवायला बसतो. शेतीचे दिवस आले, गावी सण आला, नातलगाची हळद आली, की ज्याच्याशी पुढचा व्यवहार नाही त्याचं काम आधी थांबतं. यात कोणाचा दुष्टपणा नाही. उभेराव स्वतः गोदामात सुपरवायझर असतील, तर तेही रोज हेच करत असतात.

चौथा आक्षेप गावाचा आहे आणि तो शहरी सल्लागारांना सहसा सुचत नाही. दिघाशीत मिस्त्री परका नसतो. तो पुतण्याचा मित्र असतो, प्लंबर मेव्हण्याच्या गावचा असतो आणि वायरमन तर भावकीतलाच. अशा माणसापुढे कागद ठेवून "इथे सही कर" म्हणायचं कसं? ठेकेदारही त्याच गोतातला निघाला तर काय? ही अडचण खरी आहे. पण नात्यातल्या माणसाला दोष देता येत नाही, हेच तर कागद करण्याचं सगळ्यात चांगलं कारण आहे. काम बिघडल्यावर तोंडी भांडलं की पुढच्या लग्नात एक कुटुंब जेवायला येत नाही. आधी लिहिलेलं असलं की भांडण कागदाशी होतं आणि माणसं मांडवात येतात. दुसरं असं की या गोतावळ्यामुळेच उभेरावांचं उभं राहणं निरुपयोगी ठरतं. भावकीतल्या वायरमनला ते "अर्थिंग दाखव" म्हणू शकत नाहीत. ते फक्त चहा पाजू शकतात.

इतकं सगळं असूनही उभेराव नाहीसे होत नाहीत, त्याअर्थी त्यांना यातून काहीतरी मिळत असलं पाहिजे. ते काय मिळतं, ते लग्नाच्या दिवशी कळतं. पाहुणा हात धुवायला वर गेला की उभेराव त्याच्या मागोमाग जातात. गिझरचं बटण कुठे आहे ते दाखवतात, डायव्हर्टर फिरवून दाखवतात, टाइलवर बोटाने टकटक करून "पोकळ आवाज येतो का बघा" म्हणतात, आणि मग ते वाक्य येतं: "स्वतः उभं राहून करून घेतलंय." ठेकेदाराने केलेल्या बाथरूमबद्दल असं काही बोलता येत नाही, "दीड लाख दिले" एवढंच बोलता येतं, आणि त्यात कर्तबगारी दिसत नाही. ज्याने वीस वर्षं दुसऱ्याच्या गोदामात दुसऱ्याचा माल मोजला, त्याला एकदा तरी आपल्या हुकमाने भिंत उभी राहिलेली पाहायची असते. ही हौस थट्टेची असली तरी तुच्छतेची नाही. जवळच अकलोली आणि गणेशपुरीला जमिनीतून आपसूक वर येणारं पाणी बघायला लांबून लोक येतात. उभेरावांच्या हॉलमध्ये आपसूक खाली येणारं पाणी बघायला फक्त व्याही येतात. तेव्हाही ते खचत नाहीत. "स्लॅबच जुना होता," असं सांगतात. पहिल्या मजल्यावरचा स्लॅब गेल्या वर्षीचा आहे, हे घरात कोणी बोलून दाखवत नाही.

म्हणून उभेरावांना बसवून ठेवायचा सल्ला देण्यात अर्थ नाही. त्यांनी कुठे आणि कधी उभं राहावं, एवढंच सांगता येईल. वीस दिवस उभं राहू नये, तीन दिवस राहावं. पहिला दिवस पाइप भिंतीत झाकण्याआधीचा: लाइनला दाब देऊन प्रत्येक जोड कोरडा आहे का पाहावं, पाइपवर छापलेलं वाचावं आणि फोटो काढून ठेवावा. दुसरा दिवस वॉटरप्रूफिंग झाल्यानंतरचा, फरशी बसायच्या आधीचा: जाळीचं तोंड बंद करून बाथरूममध्ये पाणी भरावं, निदान २४ तास आणि जमलं तर ४८ तास तसंच ठेवावं, आणि खालच्या हॉलमध्ये जाऊन छताकडे बघावं. तेव्हा प्लंबर, वॉटरप्रूफिंगवाला आणि फरशीवाला तिघांना एकाच वेळी हजर ठेवावं आणि उतार, ट्रॅपची उंची, कोपऱ्यातला वाटा या तीन गोष्टी कोणाच्या, हे तिघांच्या तोंडावर ठरवून एका कागदावर लिहावं. तिसरा दिवस शेवटचे पैसे द्यायचा, आणि तो पहिला पाऊस आणि पहिले पाहुणे होऊन गेल्यावरच यावा, एवढी रक्कम हातात राखावी. ज्यांना हे जमेल त्यांनी ठेकेदाराशिवाय खुशाल काम करावं, कारण मग ते स्वतःच बऱ्यापैकी ठेकेदार झालेले असतील. ज्यांना जमणार नाही त्यांनी पंधरा टक्के द्यावेत आणि बाकीचे सतरा दिवस मुकाट्याने कामावर जावं. मिस्त्रीचंही काम त्या दिवसांत लवकर उरकतं.